औषध देणाऱ्याची प्रकृती

१९९० च्या कार्तिकातली गोष्ट आहे. आम्ही तेव्हा पाचवीत होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत शेवगावला मामांकडे आलो होतो. शेवगाव हे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पूर्व भागातले तालुक्याचे गाव. बाजारपेठेत मामांचे औषधांचे छोटे दुकान होते. दिवाळी सरली की या भागातली कितीतरी बिऱ्हाडे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात. निघण्यापूर्वी ताप, खोकला, जुलाब, जखमा अशा सगळ्यांची औषधे बरोबर बांधून घेतात. त्या दिवशी सकाळपासून दुकानासमोर गर्दी होती. मामा एकटेच होते. दुपारचा डबा तसाच राहिला होता.

रात्री हिशोब करताना मामा एकदम थांबले. त्याच दिवशी उघडलेल्या एका खोक्यात मधुमेहाच्या गोळ्यांच्या दहा पट्ट्या हव्या होत्या. निघाल्या नऊच. त्या गोळ्या तर दिवसभरात कोणालाच विकलेल्या नव्हत्या. शेजारच्या खोक्यात सर्दीच्या गोळ्या होत्या. दोन्ही पट्ट्या रुपेरी, दोन्ही नावांत दोनच अक्षरांचा फरक. सर्दीच्या गोळ्या नेणारी एक म्हातारी त्यांना आठवली. तिची वस्ती गावापासून काही मैलांवर होती. मामांनी लुना काढली आणि विजेरी धरायला आम्हाला मागे बसवले.

म्हातारी जागी होती. पुडी देवळीत ठेवलेली होती, तशीच. ती म्हणाली, “आज एकादस हाये भाऊ. तूच म्हनलास ना, जेवल्यावर घे? उद्या बारस सोडल्यावर घेईन.” मामांनी पुडी बदलून दिली आणि ओट्यावर बसून पाणी मागितले. मधुमेह नसलेल्या, दिवसभर उपाशी असलेल्या वृद्ध बाईने ती गोळी घेतली असती, तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरली असती. झोपेत काही झाले असते तर घरच्यांना पहाटेपर्यंत कळलेही नसते.

म्हातारीला काहीच झाले नाही. झाले ते मामांना. पुढचे कित्येक महिने ते रात्री उठून दुकानाचे कुलूप पाहून येत. पोटात जळजळ होई. गिऱ्हाइकावर कधी न ओरडणारा माणूस चिडू लागला. नातेवाईक सांगत, “मन घट्ट कर.” कोणी प्राणायाम सांगितला, कोणी देवदर्शन. यातले काही वाईट नव्हते. पण मन घट्ट करून त्या दोन पट्ट्यांचा रंग वेगळा होणार नव्हता, आणि गर्दीच्या दिवशी मामांना जेवायला अर्धा तासही मिळणार नव्हता.

औषध घेणाऱ्याच्या प्रकृतीविषयी आपण पुष्कळ बोलतो. औषध देणाऱ्याच्या प्रकृतीचे काय, हा प्रश्न आम्हाला तेव्हापासून पडलेला आहे. त्याचे उत्तर शोधताना थोडा इतिहास पाहावा लागतो.

फडताळातली बाटली

आजचा फार्मासिस्ट मुख्यतः कारखान्यात तयार झालेल्या गोळ्यांच्या पट्ट्या देतो. त्याच्या आधीच्या पिढीत औषध दवाखान्यातच तयार होई. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना कंपाउंडर आठवत असेल. लाकडी फडताळात बाटल्यांच्या रांगा, समोर खल आणि तराजू. तो मोजून मिश्रण बनवी, बाटलीत भरी, आणि खाचा कापलेली कागदाची पट्टी बाहेरून चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. रोग्याला अक्षर वाचता येत नसले तरी खाच कळत असे. बाटलीवरची ती पट्टी म्हणजे चूक टाळण्याची एक साधी व्यवस्थाच होती.

अशा व्यवस्था आपोआप सुचल्या नाहीत. त्यांच्यामागे बहुधा एखादी दुर्घटना असते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात १८५८ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात विकलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसे दगावली आणि २०० च्या वर आजारी पडली. मिठाईवाले साखरेची बचत करण्यासाठी तिच्यात जिप्समसारखी स्वस्त पांढरी भुकटी मिसळत. ती आणायला एक माणूस औषधविक्रेत्याकडे गेला. दुकानाचा मालक त्या दिवशी आजारी होता, म्हणून गिऱ्हाइकाकडे त्याचा तरुण मदतनीस पाहत होता. भुकटी कुठे आहे असे त्याने मालकाला विचारले. माळ्यावर कोपऱ्यातल्या पिंपात आहे, असे उत्तर मिळाले. मदतनिसाने कोपऱ्यातल्या पिंपातून १२ पौंड पांढरी भुकटी मोजून दिली. ती आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे सोमल निघाली.

या घटनेत दुष्ट माणूस कोणी नाही. एक आजारी मालक, एक नवखा मदतनीस आणि सारख्या दिसणाऱ्या दोन भुकट्या आहेत. खटला उभा राहिला, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. यानंतर दोन वर्षांनी खाद्यपदार्थांतील भेसळीविरुद्ध कायदा झाला आणि १८६८ साली विषे कोणी व कशी विकावीत याचे नियम करणारा फार्मसी कायदा आला. त्याच सुमारास विषाच्या बाटल्या निराळ्या आकाराच्या बनू लागल्या. त्या षट्कोनी असत, रंग निळा किंवा हिरवा असे आणि अंगावर उभ्या रेघा असत. अंधारात, घाईत, झोपेच्या डोळ्यांनीही हाताला कळावे की ही बाटली वेगळी आहे. ‘सावध राहा’ असे माणसाला नुसते बजावण्याऐवजी बाटलीनेच त्याला सावध करावे, ही कल्पना आम्हाला फार मोलाची वाटते.

मुंबईतली प्रयोगशाळा आणि पंजाबातला चिमटा

आता आपल्या मुंबईकडे येऊ. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी लस बनवण्याचे काम सुरू केले. तीन महिन्यांत लस तयार झाली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. हा भाग आपण मुलांना नेहमी सांगतो. त्याच तीन महिन्यांतली एक गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते. कामाचा ताण इतका होता की हाफकिन यांच्या एका सहायकाची मानसिक प्रकृती पार ढासळली आणि दोघे काम सोडून गेले. लस वेळेत झाली, पण ती बनवणाऱ्यांनी तिची किंमत मोजली.

पुढची घटना १९०२ ची. पंजाबातल्या मुलकोवाल या गावी ऑक्टोबर महिन्यात १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे सर्व १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. संशय मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. लस बनवण्याच्या पद्धतीत हाफकिन यांनी काही बदल केले होते आणि त्यात कार्बोलिक आम्ल वगळले होते. त्यामुळे बाटली मुंबईतच दूषित झाली असावी, असे ठरवून त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

खरे काय घडले होते? बाटली उघडण्याच्या वेळी मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो कार्बोलिकच्या द्रावात बुडवून काढला आणि त्याच चिमट्याने बूच ओढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांची बीजे चिवट असतात. असे क्षणभर बुडवल्याने ती मरत नाहीत. आणखी एक पुरावा होता. जंतू मुंबईतच शिरले असते तर बाटली गावात पोचेपर्यंत वाढले असते आणि ती उघडताच दुर्गंधी आली असती. तशी दुर्गंधी आली नव्हती. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्यानंतर त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे एक शास्त्रज्ञ, ज्याचा दोष नव्हता अशा मृत्यूंचे ओझे घेऊन जगला. मुंबईतल्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचेच नाव देण्यात आले.

आम्हाला या कथेत हाफकिन यांच्याइतकाच तो चिमटा पाडणारा मदतनीसही दिसतो. रणरणत्या गावात, रांग लागलेली असताना, दुसरा चिमटा हाताशी होता का? चिमटा पडल्यास काय करायचे हे कोणी ठरवून दिले होते का? त्याच्या मनावर पुढे काय बेतले असेल, ते इतिहासाने नोंदवलेले नाही. अशा माणसांना अमेरिकी वैद्य आल्बर्ट वू यांनी २००० साली एक नाव दिले, ‘दुसरा बळी’. चुकीचा पहिला बळी रोगी असतो. दुसरा, ज्याच्या हातून चूक घडली तो. शेवगावच्या त्या रात्री पहिला बळी सुदैवाने टळला होता, दुसरा मात्र टळला नव्हता.

शरीरात काय घडते?

ताणाचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकातला आहे. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवले की भुंकणारा कुत्रा समोर आला की मांजराच्या रक्तात ॲड्रेनलिन वाढते. नाडी जलद होते, रक्तात साखर येते, पचन मंदावते. लढायचे किंवा पळायचे, या दोन्हींसाठी शरीर तयार होते. संकट गेले की सगळे पूर्ववत होते.

संकट गेलेच नाही तर? माँट्रियलमध्ये काम करणाऱ्या हान्स सेली यांनी १९३६ साली ‘नेचर’मध्ये एक छोटे पत्र प्रसिद्ध केले. उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्ये असे निरनिराळे त्रास दिले, तरी शरीरात घडणारे बदल सारखेच होते. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झाल्या, थायमस ग्रंथी आकसली, जठरात व्रण पडले. पुढे याच अवस्थेला ‘स्ट्रेस’ हे नाव रूढ झाले. मराठीत आपण ताण म्हणतो.

येथे एक दुरुस्ती केली पाहिजे. सेली यांच्या प्रयोगांमुळे पोटातला व्रण म्हणजे काळजीचा रोग, अशी समजूत पसरली. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की अशा बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. काही वेदनाशामक गोळ्यांनीही व्रण होतात. तेव्हा पोट दुखले की ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये, तपासून घ्यावे. मामांनी तसे केले नाही. ते आपल्याच फडताळातले आम्लनाशक घेत राहिले. औषधविक्रेत्यांचा हा एक खास धोका आहे. औषध हाताशी असते, त्यामुळे वैद्याकडे जाणे लांबते.

पण फार्मासिस्टच्या ताणाचा गाभा आणखी वेगळा आहे. त्याचे काम पहाऱ्याचे आहे. शंभर चिठ्ठ्या बरोबर असतात, एकशे एकाव्या चिठ्ठीत गफलत असते, आणि ती त्याला दिसावी लागते. अशा कामात माणूस किती वेळ टिकतो? दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर टक लावून बसणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या नजरेतून पाणबुड्यांच्या खुणा सुटू लागल्या, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी घड्याळासारखी एक तबकडी बनवली. तिचा काटा ठरावीक टप्प्यांनी पुढे सरके आणि मधूनच, अनियमितपणे, एक टप्पा गाळून दुप्पट उडी मारी. ती उडी दिसली की बटण दाबायचे. दोन तास एवढेच काम.

१९४८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट होते. पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण चांगलेच वाढले. यात आळस किंवा बेफिकिरी नव्हती. निवडलेल्या, प्रशिक्षित माणसांचेही असेच होत होते. पण अर्धा तास काम, अर्धा तास विश्रांती असा क्रम ठेवला तर लक्ष टिकून राहत होते. म्हणजे सावधपणा हा स्वभावाचा गुण कमी आणि पाण्याच्या टाकीसारखा अधिक आहे. टाकी रिकामी होते, आणि विसावा मिळाला की भरते. दुपारचा डबा न उघडता रात्रीपर्यंत गल्ल्यावर उभा असलेला माणूस चुकतो, तो या नियमाने चुकतो.

सुट्टी कोणाची?

विसाव्याचा हक्क आपल्याकडे मिळवला तो गिरणी कामगारांनी. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारच्या सुट्टीची मागणी केली. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी ती मान्य केली. आज शाळेला रविवारी सुट्टी असते तेव्हा मुलांना हे नाव जरूर सांगावे.

दुकानांतल्या नोकरांसाठी १९४८ साली मुंबई दुकाने व आस्थापना कायदा आला. कामाचे तास, मधली विश्रांती, आठवड्याची सुट्टी अशा तरतुदी त्यात होत्या. त्याच्या जागी महाराष्ट्रात २०१७ साली नवा कायदा झाला, तो मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. तालुक्याच्या गावातल्या औषधाच्या दुकानात दहा माणसे कुठून असणार? बहुधा एक मालक, तोच फार्मासिस्ट, आणि मदतीला एखादा मुलगा. स्वतःच मालक असलेल्या माणसाला सुट्टी देणार कोण?

शिवाय १९४८ च्याच फार्मसी कायद्याने औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टवर सोपवले. हे आवश्यकच होते. त्याआधी कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३१ साली देशातल्या भेसळीच्या आणि निकृष्ट औषधांचे विदारक चित्र मांडले होते. पण कायद्याने जबाबदारी ज्याच्यावर टाकली, त्याच्या विसाव्याची सोय झाली नाही. एकटाच फार्मासिस्ट असेल तर त्याने जेवायला जायचे म्हणजे एक तर दुकान बंद ठेवायचे किंवा नियम मोडायचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बाजारपेठा बंद झाल्या, औषधाची दुकाने मात्र उघडी राहिली. २०२१ च्या एप्रिलमध्ये रेमडेसिव्हिरसाठी महाराष्ट्रात रांगा लागल्या. ‘नाही’ हे उत्तर रडणाऱ्या नातेवाइकाला द्यायचे काम गल्ल्यामागच्या माणसाकडे आले. ते औषध मिळवून देणे त्याच्या हातात नव्हते.

यालाच स्वीडनच्या कामगारांच्या माहितीवरून रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली सूत्ररूप दिले. कामाचा बोजा मोठा असला तरी ते कसे करायचे हे ठरवण्याचा अधिकार माणसाला असेल तर तो निभावून नेतो. बोजा मोठा आणि अधिकार थोडा, अशी जोडी झाली की ताण सर्वाधिक असतो. पुढे लंडनमधल्या सरकारी नोकरांच्या दीर्घ अभ्यासात, कामावर ताबा कमी असलेल्यांना हृदयविकार अधिक होतो, असेही आढळले.

एकाच पत्र्याचे छप्पर

चूक झाली की आपण दोषी माणूस शोधतो. तो सापडला की समाधान होते, पण छिद्र तसेच राहते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून विकले गेले आणि १०० हून अधिक माणसे, त्यांतली कितीतरी मुले, दगावली. ते मिश्रण तयार करणाऱ्या रसायनज्ञाने पुढे आत्महत्या केली. तरीही १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हाच द्रव मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रोगी मरण पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने याची चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंत प्रत्येक पायरीवर दोष दिसून आले.

मँचेस्टरचे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी हेच एका चित्राने समजावले. आपण ते आपल्या भाषेत असे सांगू. छपरावर एकावर एक जुने पत्रे घातले आहेत. प्रत्येक पत्र्याला कुठे ना कुठे भोक आहे. भोके एका रेषेत येत नाहीत तोवर घरात पाणी गळत नाही. कारखान्यातली तपासणी, डॉक्टरचे सुवाच्य अक्षर, औषधाचे वेगळे नाव, फार्मासिस्टची नजर, रोग्याला दिलेली नीट सूचना, हे सगळे एकेक पत्रे. वरचे पत्रे काढून घेतले तर सारा पाऊस शेवटच्या पत्र्यावर पडतो. औषध देणारा माणूस म्हणजे बहुतेक वेळा हा शेवटचा पत्रा असतो. त्याच्या ताणाचे मूळ येथे आहे.

शेवगावच्या म्हातारीला वाचवले ते ‘जेवल्यावर घ्या’ या सूचनेने. मामांनी ती न विसरता दिली होती. एक पत्रा फाटला, पण त्याखाली त्यांनीच घातलेला दुसरा पत्रा शाबूत होता. हे त्यांना कोणी सांगितले असते तर कदाचित त्यांच्या रात्री इतक्या वाईट गेल्या नसत्या.

वरचे पत्रे दुरुस्त करण्याचे प्रयत्न झालेले आहेत. फॅल्सिगो आणि फॅल्सिटॅब या मलेरियावरच्या दोन औषधांच्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २००१ साली सांगितले की नावांतले साम्य तपासताना इतर मालापेक्षा औषधांना अधिक कडक कसोटी लावली पाहिजे, कारण येथे गोंधळ झाल्यास जिवावर बेतते. ब्रिटनमध्ये २००७ साली प्रेडनिसोलोनऐवजी प्रोप्रानोलोल दिले गेले, आणि त्या प्रकरणात २००९ मध्ये एका फार्मासिस्टला फौजदारी शिक्षा झाली. परिणाम असा की चूक सांगण्याचीच लोकांना भीती वाटू लागली. २०१८ साली तेथे नियम बदलले. प्रामाणिक चूक कळवणाऱ्याला आता खटल्यात बचाव करता येतो. चूक बोलता आली तरच ती पुन्हा टाळता येते.

मामांची वही

मामांनी पुढे काय केले ते सांगतो. नगरच्या एका जुन्या स्नेह्यांचेही औषधाचे दुकान होते. त्यांना एकदा मामांनी सगळे सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “माझ्याकडूनही असं झालंय.” मामांच्या मनावरचे अर्धे ओझे त्या एका वाक्याने उतरले असावे. परत आल्यावर त्यांनी चार गोष्टी केल्या. सारख्या नावांची औषधे शेजारी ठेवायची नाहीत. मधुमेहाच्या औषधांच्या कप्प्याला लाल पट्टी लावायची. पुडी देताना नाव, किती आणि केव्हा, हे मोठ्याने म्हणायचे व गिऱ्हाइकाकडून वदवून घ्यायचे. आणि दुपारी दोन ते चार दुकान बंद. अडल्यानडल्यासाठी घरचा पत्ता पाटीवर लिहिला होता. लोक सुरुवातीला कुरकुरले, मग त्यांना सवय झाली.

आणखी एक वही केली. होता होता टळलेली प्रत्येक चूक तीत तारखेसह लिहायची, आणि त्याशेजारी वेळ, गर्दी किती होती, जेवण झाले होते की नाही, हेही. दुकान आता नाही, मामाही नाहीत. वही आमच्याकडे आहे. तिच्यातल्या बऱ्याच नोंदींपुढे ‘जेवण नाही’ असे लिहिलेले आहे. मामांनी मॅकवर्थ यांचे नावही ऐकले नव्हते.

आज आम्हाला कोणी तरुण फार्मासिस्ट विचारतो की या व्यवसायात प्रकृती कशी सांभाळावी, तेव्हा आम्ही झोप, व्यायाम, वेळेवर जेवण, छातीत धडधड किंवा पोटात दुखत असल्यास स्वतःवर उपचार न करता डॉक्टरकडे जाणे, हे सांगतोच. झोप उडाली, उदासी हटेना, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात काही कमीपणा नाही, हेही सांगतो. पण आधी विचारतो, तुमच्या दुकानात सारख्या दिसणाऱ्या पट्ट्या शेजारी शेजारी आहेत का? दुपारी बसायला खुर्ची आहे का? चूक झाली तर सांगायला एक तरी माणूस आहे का?

वर्गात करून पाहण्यासाठी

हा प्रयोग आठवीच्या पुढच्या वर्गात सहज होतो. प्रत्येक मुलाला जुन्या वर्तमानपत्राचे एक पान द्या. छापील मजकुरात दिसेल त्या प्रत्येक ‘म’भोवती पेन्सिलीने गोल करायचा. एकूण वीस मिनिटे. दर पाच मिनिटांनी टाळी वाजवा, मुलांनी तेथे आडवी रेघ मारावी. नंतर पाने शेजाऱ्याशी बदलून सुटलेले ‘म’ मोजावेत आणि चारही भागांत मिळून ‘म’ किती होते व त्यांतले किती सुटले, याचे कोष्टक करावे. दुसऱ्या दिवशी मध्ये पाच मिनिटांची सुट्टी देऊन हाच प्रयोग करा. तिसऱ्या दिवशी दोघांच्या जोडीने करा, एकाने शोधायचे आणि दुसऱ्याने तपासायचे. तिन्ही कोष्टके फळ्यावर शेजारी शेजारी मांडा.

मग मुलांना गावातल्या औषधाच्या दुकानात, गर्दी नसेल अशा वेळी, पाठवा. सारखी दिसणारी औषधे ते कशी ओळखतात, जेवायला केव्हा जातात, एवढे दोनच प्रश्न त्यांनी विचारावेत. येताना औषध घेतलेच, तर पुडीवरचे नाव आणि डोस तेथेच मोठ्याने वाचून दाखवावा. तेवढ्याने गल्ल्यामागच्या माणसाच्या छपरावर आणखी एक पत्रा चढतो.